चंद्राचे चित्र आणि लोकांची शंका

चंद्र हा आकाशातील सर्वांच्या परिचयाचा गोल आहे. पंचांग न उघडणारा माणूसही चंद्राकडे पाहतो, आणि अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा नातवाला त्यावरचा ससा दाखवते. असे असूनही या चंद्राचा मोठा भाग १९५९ सालापर्यंत एकाही मनुष्याने पाहिलेला नव्हता. चंद्र स्वतःभोवती जितक्या वेळात एक फेरी घेतो, तितक्याच वेळात तो पृथ्वीभोवतीही एक फेरी पुरी करतो. त्यामुळे त्याचे एकच तोंड सदैव आपल्याकडे असते. त्याच्या किंचित डोलण्यामुळे कडेचा थोडा भाग अधूनमधून दृष्टीस पडतो आणि शंभरांतले सुमारे एकोणसाठ भाग आपल्याला पाहावयास मिळतात. उरलेले एक्केचाळीस भाग म्हणजे कवींचे आणि कल्पकांचे मोकळे रान होते.

हा पडदा ७ ऑक्टोबर १९५९ रोजी उघडला. सोव्हिएत रशियाने ४ ऑक्टोबरला सोडलेले लूना-३ हे यान चंद्रामागे गेले आणि सुमारे पासष्ट हजार किलोमीटर अंतरावरून, चाळीसेक मिनिटांत, त्याने एकोणतीस छायाचित्रे घेतली. २७ ऑक्टोबरला त्यांतील काही जगापुढे ठेवण्यात आली. मानवजातीच्या इतिहासातील तो केवढा मोठा क्षण! पण चित्रात दिसले काय? एक अंधुक करडा गोळा, त्यावर चार-दोन काळसर डाग, आडव्या रेघा आणि सर्वत्र धुके. साध्या दुर्बिणीतून दिसणारा चंद्र यापेक्षा कितीतरी रेखीव असतो. त्यातही प्रसिद्धीपूर्वी चित्रावर कुंचल्याचा हात फिरला होता, आणि जाणकारांच्या नजरेतून ते सुटले नाही. मग लोकांनी विचारले, 'हा चंद्र कशावरून? हा तर कोणाच्याही अंधाऱ्या खोलीत तयार होईल!'

ही शंका ज्या हवेत जन्मली ती हवा ध्यानात घेतली पाहिजे. १९५७ च्या ऑक्टोबरात स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेच्या आत्मविश्वासाला मोठा धक्का बसला. १९५९ च्या जानेवारीत रशियाचे पहिले यान चंद्राजवळून पुढे गेले, तेव्हा लॉइड मॅलन या अमेरिकन पत्रकाराने 'ट्रू' नावाच्या मासिकात लेख लिहून ती सगळी लाल थाप आहे असा आरोप केला. तो आरोप इतका गाजला की अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीलाही त्याची दखल घ्यावी लागली. दुसऱ्या बाजूला रशियाचा कारभार असा की यान उडाल्याशिवाय बातमी नाही, फसले तर बातमीच नाही. या सर्व यानांचा प्रमुख शिल्पकार सर्गेई कोरोलेव्ह याचे नावदेखील जानेवारी १९६६ मध्ये तो मरण पावेपर्यंत जगापासून लपवून ठेवलेले होते. जो आपल्या कारागिराचे नाव सांगत नाही, त्याच्या मालाविषयी गिऱ्हाइकाने शंका घ्यावी, यात नवल ते कोणते?

तेव्हा शंका घेणाऱ्यांना मूर्ख ठरवून पुढे जाणे सोपे असले, तरी मला ते योग्य वाटत नाही. त्यांचा निष्कर्ष चुकीचा होता. तो का चुकला आणि त्यांच्या प्रश्नात खरे किती होते, हे पाहणे उपयोगाचे आहे. कारण हा प्रश्न १९५९ मध्ये संपला नाही. तो १९६६ मध्ये निघाला, १९६९ नंतर तर वाढतच गेला, आणि आजही चंद्राचे नवे चित्र प्रसिद्ध झाले की पुन्हा डोके वर काढतो.

आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची साधने सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. छायाचित्र यांपैकी कशात बसते? सामान्य माणूस बेलाशक सांगेल की प्रत्यक्षात. लग्नातले छायाचित्र पाहून आपण 'हे काका, ही मावशी' असे म्हणतो तेव्हा ते खरेही असते, कारण त्या काकांना आणि मावशीला आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. पण ज्या प्रदेशाला कोणीच पाहिलेले नाही, त्याचे छायाचित्र हे प्रत्यक्ष कसे होईल? ते शब्दप्रमाण होय. कोणीतरी आपल्याला सांगत आहे की अमुक यंत्राने, अमुक ठिकाणाहून, अमुक रीतीने हे टिपले. शब्दप्रमाणाची किंमत सांगणारा आप्त आहे की नाही यावर ठरते. साक्षीदाराची साक्ष उलटतपासणीवाचून ग्राह्य धरू नये, हा न्यायालयाचा नियम चंद्राच्या चित्रालाही लागू आहे.

मग लूना-३ च्या चित्राची उलटतपासणी करून पाहू. यानात एक छोटी फिल्म होती. चित्रे घेतल्यावर ती यानातच धुतली गेली, वाळवली गेली. म्हणजे अंतराळात एक इवलीशी अंधारकोठडीच चालू होती. नंतर प्रकाशाचा एक बारीक ठिपका फिल्मवरून ओळीने फिरवून, काळ्या-पांढऱ्याच्या प्रमाणात कमी-अधिक होणारे विद्युत्संदेश रेडिओने पृथ्वीकडे पाठवण्यात आले. अंतर लाखो किलोमीटरांचे आणि प्रेषकाची शक्ती बेताची. यान पृथ्वीच्या जवळ परतेपर्यंत धड चित्र मिळाले नाही, आणि एकोणतिसांपैकी सुमारे सतराच हाती आली. त्या संदेशांवरून पुन्हा चित्र तयार झाले, त्याच्या प्रती निघाल्या, प्रतींच्या प्रती जगभर गेल्या, आणि शेवटी वृत्तपत्राच्या जाळीदार ठशातून त्या हलक्या कागदावर उमटल्या. कानगोष्टींच्या खेळात पहिल्या मुलाचे वाक्य शेवटच्या मुलापर्यंत जसे पोहोचते, तसा हा चंद्र वाचकापर्यंत पोहोचला.

यात आणखी एक गोष्ट होती. चित्र घेताना सूर्य यानाच्या पाठीशी होता. ज्याने दुर्बिणीतून चंद्र पाहिला आहे त्याला ठाऊक असते की पौर्णिमेला विवरे नीट दिसत नाहीत, अष्टमीला दिसतात. अष्टमीला प्रकाश तिरपा पडतो, सावल्या लांब होतात आणि उंचसखलपणा उठून दिसतो. पौर्णिमेला सावल्याच नाहीशा होतात आणि चंद्र सपाट थाळीसारखा भासतो. लूना-३ ने पाहिलेली पलीकडची बाजू जवळजवळ अशी पौर्णिमेची होती. अंधुकपणाचे कारण लबाडी हे नव्हते. ते अंतर, प्रकाश आणि यंत्र यांत होते.

साक्ष खरी मानण्यास स्वतंत्र आधारही होते. चित्राच्या एका बाजूला 'मारे क्रिसियम' हा आपल्याला पृथ्वीवरून दिसणारा काळा डाग आलेला होता. ओळखीच्या खुणेवरून अनोळखी प्रदेशाची मोजदाद करता यावी, म्हणून चित्रे मुद्दाम तशी घेतली होती. शिवाय महिन्याभरापूर्वीच, १९५९ च्या सप्टेंबरात, लूना-२ चंद्रावर आदळले तेव्हा इंग्लंडातील जॉड्रेल बँक येथील प्रचंड रेडिओ-दुर्बिणीवर बर्नार्ड लव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा आवाज ऐकला होता आणि तो नेमका थांबलेलाही नोंदवला होता. रशियाची याने चंद्रापर्यंत जातात ही गोष्ट आता रशियाच्या एकट्याच्या शब्दावर उभी नव्हती. आणि सर्वांत बोलका पुरावा चित्रातच होता. पलीकडच्या बाजूला काळे 'समुद्र' फारच थोडे दिसले. बनावट चित्र काढणाराने आपल्या ओळखीच्या चंद्राचीच नक्कल केली असती. ज्याची कोणाला अपेक्षा नव्हती असा चंद्र त्याने कशाला रंगवला असता? पुढच्या सर्व यानांनी हेच वैशिष्ट्य खरे ठरवले.

म्हणजे शंका घेणारे हरले आणि विश्वास ठेवणारे जिंकले? गोष्ट इतकी सरळ नाही. लूना-३ च्या चित्रांत एक उजळ पट्टा दिसला होता. रशियन शास्त्रज्ञांनी ती पर्वतरांग मानली आणि तिला 'सोव्हिएत पर्वत' असे नाव दिले. नकाशांत ते पर्वत उभे राहिले. पुढे अधिक स्पष्ट चित्रे आली तेव्हा कळून चुकले की तेथे पर्वत नाहीतच! आघाताने उडालेल्या पांढुरक्या धुळीचे ते किरणपट्टे होते. नकाशातून ते नाव पुसावे लागले. 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपण नेहमी वापरतो. पण दुरून नसलेले डोंगरही दिसतात, याचा हा शास्त्रीय दाखला होय. वेदान्तात अंधारातल्या दोरीचा साप होतो; येथे अंधुक चित्रातल्या धुळीचा पर्वत झाला.

मला वाटते, या सर्व इतिहासाचे सार या एका प्रसंगात आहे. त्या चित्राविषयी दोन प्रकारची शंका शक्य होती. 'हे चित्र खोटे आहे' ही पहिली. आणि 'या चित्रातून आपण जे वाचतो आहोत, ते खरोखर त्यात आहे काय?' ही दुसरी. पहिली शंका खूप गाजली आणि ती चूक होती. दुसरी शंका हळू आवाजात विचारली गेली आणि ती बरोबर होती. पहिली शंका माणसाच्या हेतूवर जाते आणि तेथेच थांबते. दुसरी चित्र कसे तयार झाले ते विचारते, आणि म्हणून पुढे जाऊ शकते.

१९६६ च्या फेब्रुवारीत याचा आणखी एक नमुना पाहावयास मिळाला. ३ फेब्रुवारीला रशियाचे लूना-९ चंद्रावर अलगद उतरले आणि चंद्रभूमीवरून पहिली चित्रे पाठवू लागले. जॉड्रेल बँकेत ते संदेश ऐकू आले. ऐकणाऱ्यांच्या लक्षात आले की हा सूर ओळखीचा आहे. वृत्तपत्रे तेव्हा तारायंत्राने छायाचित्रे पाठवत, त्याच जातीचा. 'डेली एक्सप्रेस' या वृत्तपत्राचे चित्रग्राही यंत्र मागवून जोडले, आणि काय आश्चर्य! रशियाने चित्रे प्रसिद्ध करण्यापूर्वीच ती इंग्लंडात छापून निघाली. आता रशियाने बनाव केला असे म्हणण्यास जागा उरली नाही. पण येथेही एक गोम होती. चित्राच्या लांबी-रुंदीचे खरे प्रमाण काय, हे इंग्रजांना ठाऊक नव्हते. त्यामुळे त्यांचे चित्र आडवे आकसले, आणि चंद्रावरचे साधे दगड उंच सुळक्यांसारखे दिसू लागले. चित्र अस्सल, पण माप चुकीचे! स्वतंत्र साक्षीदार मिळाला म्हणजे काम संपत नाही. चित्र कोणत्या यंत्राने, कोणत्या मापाने घेतले हे मूळ मालकाने सांगावेच लागते.

अमेरिकेत वृत्तपत्रे मोकळी होती, उड्डाणे लोकांसमोर होत होती. तेथे तरी ही अडचण नसावी असे वाटेल. पण तसे घडले नाही. १९६६ आणि १९६७ या दोन वर्षांत अमेरिकेने लूनर ऑर्बिटर नावाची पाच याने चंद्राभोवती फिरवली. त्यांनी चंद्राचा शेकडा नव्याण्णव भाग टिपला. २३ ऑगस्ट १९६६ रोजी पहिल्या ऑर्बिटरने चंद्राच्या क्षितिजापलीकडे अर्धवट उजळलेल्या पृथ्वीचेही चित्र घेतले. पण लोकांनी जी चित्रे पाहिली त्यांवर उभ्या-आडव्या पट्ट्या होत्या. फाटलेला कागद चिकटपट्टीने सांधावा तशा. या पट्ट्यांमुळे लपवाछपवीच्या नाना तर्कांना वाव मिळाला. खरे कारण साधे होते: यानात धुतलेली फिल्म अरुंद पट्ट्यापट्ट्यांनी वाचून धाडली जाई आणि पृथ्वीवर त्या पट्ट्या शेजारी-शेजारी लावून चित्र जुळवले जाई.

तथापि या ठिकाणी शंकेखोरांच्या बाजूने दोन गोष्टी मोकळ्या मनाने मान्य केल्या पाहिजेत. पहिली अशी की, या यानांतील छायाचित्रणाची पद्धत मुळात आकाशातून हेरगिरी करण्यासाठी तयार झाली होती आणि हे नाते पुष्कळ वर्षे गुप्त ठेवण्यात आले होते. दुसरी अशी की, लोकांना दाखवलेले चित्र हे हाती असलेले सर्वांत चांगले चित्र नव्हते. मूळ संदेश चुंबकीय फितींवर नोंदवलेले होते. त्यांतील बारीक छटा छापील प्रतींत उतरल्याच नव्हत्या. म्हणजे 'याहून चांगले चित्र कोठेतरी आहे' असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नव्हता. फक्त ते चित्र एखाद्या कारस्थान्याच्या तिजोरीत नव्हते. ते सरकारी कोठारात धूळ खात पडले होते.

त्या फितींची पुढची कथा ऐकण्यासारखी आहे. त्या नष्ट करण्याची वेळ आली तेव्हा नॅन्सी इव्हान्स या अभिलेखपाल बाईंनी तसे होऊ दिले नाही. फिती वाचणारी कपाटाएवढी यंत्रे कोणाला नकोशी झाली, तेव्हा त्यांनी ती आपल्या घराच्या आवारात वर्षानुवर्षे सांभाळली. अखेर डेनिस विंगो आणि कीथ काउइंग यांनी हे काम हाती घेतले, आणि कॅलिफोर्नियातील एम्स संशोधन केंद्राच्या परिसरात, बंद पडलेल्या एका मॅक्डोनल्ड्स उपाहारगृहात ती जुनी यंत्रे पुन्हा चालू झाली. २००८ च्या नोव्हेंबरात १९६६ चे तेच पृथ्वीचे चित्र नव्याने प्रसिद्ध झाले. बेचाळीस वर्षांपूर्वी धूसर भासलेले चित्र आता असे स्वच्छ निघाले की पाहणारा थक्क व्हावा. एका बाईंच्या चिकाटीने जितक्या शंका मिटल्या, तितक्या शंभर सरकारी खुलाशांनी मिटल्या नसत्या.

आता अपोलोकडे वळू. २१ जुलै १९६९ रोजी सकाळी, आपल्याकडे साडेआठला थोडा अवकाश असताना, नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवले. महाराष्ट्रात तेव्हा दूरचित्रवाणी नव्हती. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. आपल्या लोकांनी तो प्रसंग रेडिओवर ऐकला आणि वृत्तपत्रात पाहिला. पण ज्या कोट्यवधी लोकांनी पडद्यावर पाहिला, त्यांना दिसली ती भुतांसारखी हलणारी, आरपार भासणारी माणसे. कारण पुन्हा तेच. रेडिओच्या अरुंद वाटेने बरीच माहिती धाडावयाची होती, म्हणून चंद्रावरचा कॅमेरा सेकंदाला दहाच चित्रे, प्रत्येकी ३२० ओळींची, पाठवत होता. अमेरिकेतील घरच्या संचाला सेकंदाला तीस चित्रे आणि ५२५ ओळी लागत. तेव्हा ग्रहणकेंद्रात आलेले चित्र एका पडद्यावर उमटवून त्या पडद्यासमोर दुसरा कॅमेरा लावला गेला. ऑस्ट्रेलियातील हनीसकल क्रीक आणि पार्क्स येथे आलेले मूळ चित्र, घरी दिसलेल्या चित्राहून पुष्कळ चांगले होते.

गंमत अशी की त्याच चंद्रवीरांनी हॅसलब्लाड कॅमेऱ्याने घेतलेली छायाचित्रे अतिशय रेखीव आली, आणि मग लोक म्हणू लागले की ही फारच रेखीव आहेत! चलच्चित्र अंधुक म्हणून खोटे, छायाचित्र स्पष्ट म्हणून खोटे. १९७६ मध्ये बिल केसिंग या अमेरिकन लेखकाने माणूस चंद्रावर गेलाच नाही असे सांगणारे पुस्तक काढले आणि या शंकेला पंथाचे स्वरूप आले. वास्तविक दोन्हींचे उत्तर एकच आहे. चलच्चित्र रेडिओने आले. छायाचित्रांची फिल्म मात्र माणसांनी बरोबर परत आणली आणि ह्यूस्टनमध्ये धुतली. पूर्वी पत्र तारेने पाठवले तर दहा शब्दांत आटोपावे लागे, पण आपण स्वतः घेऊन गेलो तर ते कितीही लांब असू शके. आकाशात तारे का नाहीत? तर उन्हात चमकणाऱ्या जमिनीसाठी कॅमेऱ्याचे झाकण क्षणमात्र उघडले, तेवढ्यात ताऱ्यांचा मंद प्रकाश फिल्मवर उमटत नाही. उत्सवाच्या रात्री झगमगत्या मांडवाचे छायाचित्र घेऊन पाहा. त्यातही तारे सापडणार नाहीत.

इथवर सर्व ठीक होते. पण पुढे जे घडले त्याचे समर्थन करता येणार नाही. अपोलो-११ च्या त्या मूळ, चांगल्या चित्रांच्या फिती पाहाव्यात म्हणून शोध सुरू झाला तेव्हा त्या सापडेनात. २००९ मध्ये नासाने कबूल केले की फितींची टंचाई असताना, त्या इतर शेकडो-हजारो फितींबरोबर पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात. ज्या घटनेसाठी अब्जावधी डॉलर खर्च झाले, तिचा मूळ पुरावा फितींची बचत करण्यासाठी पुसला गेला! वाहिन्यांकडे उरलेल्या प्रतींवरून चित्र सुधारून घ्यावे लागले. यात कपट नव्हते, निव्वळ कारकुनी बेपर्वाई होती. पण शंकेखोराला याहून मोठी देणगी कोणती हवी? अस्सल दस्तऐवज जाळून जो नुसती नक्कल कोर्टात आणतो, त्याचा दावा खरा असला तरी न्यायाधीशाची भुवई वर चढतेच.

सुदैवाने चंद्र स्वतः दप्तर सांभाळतो. तेथे वारा नाही, पाऊस नाही. २००९ मध्ये गेलेल्या अमेरिकेच्या एलआरओ या यानाने अपोलोच्या उतरण्याच्या जागा टिपल्या. यानांचे उरलेले भाग, त्यांच्या लांब सावल्या आणि पुढे, अधिक खालून घेतलेल्या चित्रांत, चालण्याने उमटलेल्या वाटाही दिसल्या. त्यावर काहींनी म्हटले, 'हे तर चार ठिपके! आणि शिवाय तुमचेच यान.' या दुसऱ्या आक्षेपाला उत्तर देण्यात आपल्या देशाचाही हात लागला आहे. २०१९ मध्ये निघालेल्या चंद्रयान-२ च्या कॅमेऱ्याला चंद्रावरची पाव मीटर लांबीची वस्तू ठिपक्याएवढी टिपता येते. त्याने २०२१ मध्ये अपोलो-११ ची जागा टिपली आणि तेथे यानाचा खालचा भाग उभा असल्याचे दिसले. १९५९ मध्ये लव्हेल यांच्या दुर्बिणीने रशियासाठी जे काम केले, ते साठ वर्षांनंतर भारतीय यानाने अमेरिकेसाठी केले. साक्षीदार परका असला म्हणजे साक्षीचे वजन वाढते.

पण याच न्यायाने आपणही आता साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आहोत. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ दक्षिण ध्रुवाच्या दिशेच्या प्रदेशात उतरले आणि त्याची चित्रे घराघरांत पोहोचली. त्या चित्रांविषयी उद्या कोणी परका, किंवा आपलाच एखादा चौकस विद्यार्थी, शंका काढील. त्याला आपण काय उत्तर देणार? 'देशाच्या अभिमानाचा प्रश्न आहे, शंका घेऊ नकोस' असे म्हटले तर आपण मॅलनला आणि केसिंगला वारस निर्माण करू. चंद्रयानांची मूळ माहिती अभ्यासकांसाठी खुली ठेवण्याची जी वाट इस्रोने धरली आहे तीच खरी वाट आहे. आणि ती माहिती पन्नास वर्षांनंतरही वाचता येईल अशी जपणे, हे यान उडवण्याइतकेच मोठे काम आहे.

एवंच, चित्र अंधुक असण्याने विश्वास जात नाही. ते अंधुक का आहे हे न सांगण्याने जातो, मूळ प्रत न दाखवण्याने जातो, आणि ती हरवण्याने तर कायमचाच जातो. शंका घेणाऱ्याकडेही एक कर्तव्य येते. उत्तर मिळाल्यावर ते तपासण्याचे कष्ट त्याने घेतले पाहिजेत. जो प्रश्न विचारतो पण कोणत्याही उत्तराने समाधान पावायचे नाही असे आधीच ठरवून बसतो, त्याची शंका ही शंका राहत नाही. तीही एक अंधश्रद्धाच होते. सोव्हिएत पर्वत नकाशातून गेले ते शपथा वाहून नाहीत, आणि आरोप करूनही नाहीत. कोणीतरी पुन्हा जाऊन, अधिक जवळून, अधिक चांगल्या उजेडात पाहिले, म्हणून ते गेले.